तीन मीटरांचे अंतर : पुनालुऊचा काळा किनारा आणि त्यावरील कासवे

(१)
हवाई बेटसमूहातील सर्वांत मोठ्या बेटाच्या आग्नेय किनाऱ्यावर पुनालुऊ नावाचा एक लहानसा उपसागर आहे. तेथील वाळू कोळशासारखी काळी. दुपारच्या उन्हात त्या वाळूवर मोठाले धोंडे विखुरल्यासारखे दिसतात. जरा जवळ जावे तर त्यांतलाच एखादा धोंडा डोळे उघडून पाहू लागतो! ती असतात समुद्री कासवे. आणि तेथे येणाऱ्या प्रत्येकाला सांगितले जाते, की कासवापासून किमान तीन मीटर दूर राहा. मित्रहो, आजचा थ्रेड या तीन मीटरांच्या इतिहासावर.

(२)
हे अंतर आज सहज वाटते, पण ते फार अलीकडचे आहे. गेल्या सुमारे दोनशे वर्षांत याच कासवाविषयी माणसांनी चार वेगवेगळे नियम केले. आधी ते काहींसाठी निषिद्ध अन्न होते. मग ते सर्वांचे अन्न झाले. त्यानंतर ते उपाहारगृहातील पैशाचा पदार्थ बनले आणि अखेर कायद्याने अस्पर्श ठरले. प्रत्येक वेळी नियम कोणी केला आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे पाहिले की एका किनाऱ्याच्या इतिहासात एका राज्याचा इतिहास दिसू लागतो.

(३)
आधी भूगोल. पुनालुऊ ज्या भागात येते त्याचे नाव काऊ. (आपल्या चिऊ-काऊच्या गोष्टीतला काऊ नव्हे!) या भागाच्या माथ्यावर मौना लोआ हा समुद्रसपाटीपासून ४,१६९ मीटर उंचीचा ज्वालामुखी आहे आणि ईशान्येला किलाउएआ. दोन्ही जागृत. मौना लोआचा शेवटचा उद्रेक २०२२ मधला. किलाउएआ तर वारंवार धुमसत असतो. काऊची जमीन म्हणजे या दोन पर्वतांनी वेळोवेळी ओतलेल्या लाव्ह्याचे थर. कोठे त्यांवर गवत आणि झाडे उगवली आहेत, तर कोठे अजून उघडा काळा खडक आहे.

(४)
मग ही वाळू आली कोठून? सुमारे १,१०० अंश सेल्सियसहून अधिक तापलेला लाव्हा समुद्रात उतरतो तेव्हा पाण्याची क्षणात वाफ होते. लाव्हा इतक्या वेगाने थिजतो की त्यात स्फटिक वाढायला अवसरच मिळत नाही; त्याची काच बनते आणि ती काच वाफेच्या स्फोटांनी तडकून कणाकणांत विखुरते. लाटा ते कण घासतात आणि जवळच्या खाचेत आणून टाकतात. पांढरी वाळू तयार व्हायला प्रवाळ आणि शंख-शिंपले झिजत राहावे लागतात. काळा किनारा मात्र काही महिन्यांतही तयार होऊ शकतो.

(५)
येथे कोकणातल्या वाचकाला रत्नागिरीचा ‘काळा समुद्र’ आठवेल. रत्नदुर्गाच्या एका बाजूला पांढरा समुद्र आणि दुसऱ्या बाजूला मांडवीचा काळा. पण या दोन काळ्या रंगांची कुळकथा निराळी आहे. मांडवीच्या वाळूचा काळेपणा आहे तो मुख्यतः इल्मेनाइट या लोह व टायटॅनियमयुक्त जड खनिजाचा. खडक झिजून ते कण दीर्घकाळ साचत गेले. सह्याद्रीचा बेसॉल्टही लाव्ह्याचाच, पण तो थंड होऊन सुमारे साडेसहा कोटी वर्षे लोटली. पुनालुऊचा खडक त्याच जातीचा. वय मात्र त्याच्या मानाने कालचे.

(६)
जे लवकर जन्मते ते लवकर जाऊही शकते. पुनालुऊच्या ईशान्येला काइमू नावाचा काळ्या वाळूचा प्रसिद्ध किनारा होता. १९९० मध्ये किलाउएआचा लाव्हा कालापाना गावावरून वाहत आला आणि तो किनारा खडकाखाली गाडला गेला. ज्या लाव्ह्याने असे किनारे घडतात, त्यानेच तो मिटवला. पुढे २०१८ च्या उद्रेकात त्याच किनारपट्टीवर पोहोइकी येथे काळ्या वाळूचा नवा किनारा उभा राहिला. पुनालुऊला सध्या असा नवा पुरवठा नाही. लाटा जेवढी वाळू नेतात तेवढी भरून निघत नाही. म्हणजे आपण पाहतो आहोत ती एक संपणारी शिल्लक आहे.

(७)
आता माणसांकडे वळू. येथील जुन्या समाजाला लिपी नव्हती. त्यामुळे स्थलनामे हाच तेथील एक महत्त्वाचा दस्तऐवज. ‘पुनालुऊ’ याचा एक अर्थ ‘बुडी मारून मिळवायचा झरा’ असा सांगतात. पर्वतावर पडलेले पावसाचे पाणी सच्छिद्र खडकातून झिरपत जाते आणि थेट समुद्राच्या तळाशी गोडे पाणी होऊन उसळते. लोक तोंड बंद केलेला भोपळा घेऊन खाली बुडी मारत आणि तो भरून वर आणत. ज्या किनाऱ्यावर नदी नाही, तेथे वस्ती कशी टिकली याचे उत्तर त्या एका नावात मिळते.

(८)
शेजारचे दुसरे नाव पाहा : होनुआपो, म्हणजे ‘पकडलेले कासव’. ‘होनु’ म्हणजे हिरवे समुद्री कासव. लानाई या दुसऱ्या बेटावर पोलिहुआ नावाचा किनारा आहे. ‘पोलि’ म्हणजे कूस आणि ‘हुआ’ म्हणजे अंडे. जो किनारा अंडी कुशीत घेतो तो पोलिहुआ! ही नावे सांगतात की एके काळी मुख्य बेटांवरही कासवांची वीण होत असे आणि माणसे त्यांना धरतही असत. ‘पूर्वीचे लोक निसर्गाला हातच लावत नसत’ हे आपले आवडते चित्र या नावांपुढे टिकत नाही.

(९)
पुनालुऊची लोककथाही कासवाचीच. काउइला नावाची एक कासवी येथे जन्मली, असे ती कथा सांगते. तिच्या आईने वाळूत घरटे खणले आणि तेथून गोड्या पाण्याचा झरा फुटला. काउइला त्या झऱ्याच्या तळाशी राही आणि किनाऱ्यावर मुले खेळत असली की मुलीचे रूप घेऊन त्यांच्यावर लक्ष ठेवी. कथेतील झरा, कासव आणि मुले या तिन्ही गोष्टी त्या वस्तीच्या रोजच्या जगण्यातल्या होत्या. पाणी देणारी आणि पोरांना सांभाळणारी ती कासवी एखाद्या ग्रामदेवतेसारखीच वाटते.

(१०)
तरीही कासव खाल्ले जाई. ते कोणी खावे, हे मात्र ठरलेले होते. हवाईच्या समाजव्यवस्थेचा कणा होता ‘कापु’. पवित्र आणि निषिद्ध हे दोन्ही अर्थ त्या एका शब्दात येतात. आपल्या ‘सोवळे’ या शब्दाच्या जवळपास जाणारी ही कल्पना. स्त्री-पुरुषांनी एकत्र जेवणे कापु होते. डुकराचे मांस, नारळ, केळ्यांच्या बहुतेक जाती आणि कासवाचे मांस स्त्रियांना निषिद्ध होते. हा नियम मोडणाऱ्याला मृत्युदंडही होऊ शकत असे.

(११)
या निषेधाला आजच्या अर्थाने ‘संवर्धन’ म्हणावे का? सरसकट म्हणता येणार नाही. काही कापु खरोखरच साठा जपणारे होते. आकु आणि ओपेलु या दोन जातींच्या मासेमारीवर वर्षातून आळीपाळीने बंदी असे. एकाचा हंगाम खुला झाला की दुसऱ्याचा बंद. पण स्त्रियांवरील कासवाची बंदी ही श्रेणीची, प्रतिष्ठेची आणि देवतांच्या संबंधाची बाब होती. निषेध होता, मात्र कासव वाचावे हा त्याचा हेतू होता, असे त्यातून दिसत नाही.

(१२)
मे १८१९ मध्ये बेटांना एका सत्तेखाली आणणारा राजा पहिला कामेहामेहा मरण पावला. त्याचा तरुण पुत्र लिहोलिहो गादीवर आला, पण कारभाराची सूत्रे दिवंगत राजाची पत्नी काआहुमानु हिच्याही हाती होती. ती आणि लिहोलिहोची आई केओपुओलानी या दोघींनी आग्रह धरला. त्याच वर्षी नोव्हेंबरात एका मेजवानीत राजा सर्वांदेखत स्त्रियांच्या पंक्तीला जाऊन बसला आणि जेवला. देव कोपले नाहीत. एका जेवणाने कित्येक पिढ्यांची व्यवस्था मोडली. तिच्या बाजूने काही सरदार लढले, पण ते पराभूत झाले.

(१३)
स्त्रियांच्या दृष्टीने ही मुक्ती होती, यात शंका नाही. परंतु कापु गेला तेव्हा अन्यायाचे नियम आणि साठा राखणारे नियम असा निवाडा कोणी केला नाही. दोन्हींच्या मागची धर्मसत्ता एकदमच ढासळली. कासव आता कोणालाही खाता येऊ लागले. त्याच्याभोवती उभी असलेली भिंत, ती कोणत्याही हेतूने बांधलेली असो, पडली. तिच्या जागी दुसरी भिंत उभी राहायला दीडशेहून अधिक वर्षे लागणार होती.

(१४)
याच काळातील एका मुलाची कहाणी पुनालुऊशी निगडित आहे. ओपुकाहाइआ हा पुनालुऊशेजारच्या निनोले भागातला. बेटांवरील युद्धात त्याचे आईवडील त्याच्या डोळ्यांदेखत मारले गेले. पुढे तो एका अमेरिकन जहाजावर चढला आणि १८०९ मध्ये न्यू इंग्लंडमध्ये पोहोचला. तेथे तो शिकला, ख्रिस्ती झाला आणि १८१८ मध्ये आजाराने मरण पावला. त्याच्या चरित्राने अमेरिकेत मोठी खळबळ उडवली आणि त्यातून मिशनरींची पहिली तुकडी हवाईकडे निघाली. १८२० मध्ये ती पोहोचली तेव्हा कापु आधीच मोडलेला होता.

(१५)
मराठी वाचकासाठी येथे एक अनपेक्षित दुवा आहे. ही तुकडी पाठवणारी संस्था म्हणजे अमेरिकन बोर्ड. तिचेच पहिले परदेशी ठाणे सात वर्षे आधी, १८१३ मध्ये, मुंबईत सुरू झाले होते. गॉर्डन हॉल हे त्या ठाण्याचे एक प्रमुख नाव. पुढे तेच काम ‘अमेरिकन मराठी मिशन’ म्हणून ओळखले गेले. छापखाना, शाळा आणि स्थानिक भाषेतील पुस्तके हा क्रम दोन्हीकडे दिसतो. ओपुकाहाइआच्या अस्थी १९९३ मध्ये मायभूमीत परतल्या. पुनालुऊच्या उपसागरावरील टेकाडावर त्याच्या स्मरणार्थ एक लहानसे प्रार्थनामंदिर उभे आहे.

(१६)
राज्यकर्ते आणि धर्म बदलत होते, तेव्हा पर्वत आपले वेळापत्रक पाळत होते. मार्च १८६८ च्या अखेरीस काऊमध्ये भूकंपाचे धक्के सुरू झाले आणि दिवसेंदिवस वाढत गेले. २ एप्रिलला दुपारी जो धक्का बसला त्याची तीव्रता आजचे अभ्यासक सुमारे ७.९ मानतात. हवाईच्या ज्ञात इतिहासातला तो सर्वांत मोठा भूकंप. डोंगरउतारावरून चिखलाचा प्रचंड लोंढा सुटला आणि त्याखाली ३१ माणसे गाडली गेली. किनारा काही ठिकाणी खचला आणि मग समुद्र आत आला.

(१७)
त्सुनामीने काऊची किनारपट्टी धुऊन काढली. पुनालुऊ, निनोले, होनुआपो या गावांतील घरे वाहून गेली. लाटांनी घेतलेले बळी ४६. काही दिवसांतच मौना लोआचा लाव्हा दक्षिण टोकाकडे वाहू लागला. एका आठवड्यात भूकंप, भूस्खलन, त्सुनामी आणि लाव्हा! ज्या गावांच्या नावांत झरे आणि कासवे होती, त्यांतली काही पुन्हा पूर्वीसारखी वसलीच नाहीत. आज किनाऱ्याजवळ दिसणारे दगडी चौथरे आणि भिंतींचे अवशेष पाहताना हा आठवडा स्मरणात ठेवावा.

(१८)
उरलेल्या जमिनीवर नवे पीक आले : ऊस. १८७० च्या दशकापासून काऊत मोठे मळे उभे राहिले. चीन, जपान, पोर्तुगीज बेटे आणि पुढे फिलिपिन्स येथून मजूर आणले गेले. साखर बाहेर नेण्यासाठी बंदर हवे होते. पाहाला येथील मळ्यापासून पुनालुऊपर्यंत सुमारे आठ किलोमीटरची छोटी रेल्वे आली. काळ्या वाळूशेजारी धक्का आणि गोदामे उभी राहिली. १८९३ मध्ये राणी लिलिउओकालानीची सत्ता उलथवण्यात आली आणि १८९८ मध्ये हवाई अमेरिकेत विलीन झाले. त्या उलथापालथीमागे साखरेचा पैसा हा एक मोठा हात होता.

(१९)
गंमत अशी, की पुनालुऊचे पर्यटन या काळातलेच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस किलाउएआचे धगधगते विवर पाहू इच्छिणारे प्रवासी आगबोटीने येथे उतरत, उसाच्या रेल्वेने पाहालाला जात आणि पुढे घोडागाडीने ज्वालामुखी गाठत. त्यांच्यासाठी काळा किनारा ही वाटेवरची एक पायरी होती. पुढे रस्ते सुधारले तसे हे बंदर मागे पडले. १ एप्रिल १९४६ रोजी अल्यूशियन बेटांजवळच्या भूकंपाने उठलेल्या त्सुनामीत संपूर्ण हवाईत दीडशेहून अधिक माणसे दगावली. काऊच्या किनाऱ्यालाही तिने झोडपले. काऊतला शेवटचा साखर कारखाना १९९६ मध्ये बंद पडला.

(२०)
बंदर गेले आणि उतारू मात्र वाढले. १९५९ मध्ये हवाई अमेरिकेचे राज्य झाले. जेट विमाने आली आणि हॉटेले उभी राहिली. पर्यटकांच्या ताटात ‘स्थानिक पदार्थ’ म्हणून कासवाचे मांस वाढले जाऊ लागले. घरापुरते कासव धरणारा कोळी आणि उपाहारगृहाला पुरवठा करणारा कोळी यांत फरक असतो. पहिल्याची भूक ठरलेली असते. दुसऱ्याच्या मागे रोज नव्या विमानाने उतरणारी भूक असते. १९६० च्या दशकात या व्यापाराने जोर धरला आणि किनाऱ्यावरची कासवे दिसेनाशी होऊ लागली.

(२१)
किती उरली होती? हे मोजण्यासाठी जॉर्ज बालाझ हे जीवशास्त्रज्ञ १९७३ मध्ये लालो येथे गेले. फ्रेंच फ्रिगेट शोल्स हे त्याचे दुसरे नाव. वायव्येकडचे एक निर्जन प्रवाळ कंकण, पुनालुऊपासून सुमारे १,२०० किलोमीटर दूर. हवाईतील हिरव्या कासवांपैकी ९० टक्क्यांहून अधिक माद्या आज तेथेच अंडी घालतात. पोलिहुआसारखे मुख्य बेटांवरचे विणीचे किनारे जवळजवळ ओस पडले होते. त्या हंगामात लालोच्या ईस्ट आयलंडवर अंडी घालायला आलेल्या माद्यांची संख्या भरली ६७. सगळ्या बेटसमूहाचे भवितव्य जणू एका शाळेच्या वर्गात मावेल एवढ्यावर आले होते.

(२२)
१९७४ मध्ये राज्याने व्यापारी शिकारीला लगाम घातला. घरगुती वापरासाठी मर्यादित मुभा ठेवली. १९७८ मध्ये संघीय कायद्याने हिरवे कासव संरक्षित यादीत आले आणि ती मुभाही संपली. चोचीच्या आकारामुळे ‘हॉक्सबिल’ म्हटले जाणारे दुसरे, फार दुर्मिळ कासव १९७० पासूनच यादीत होते. ते काऊच्या किनाऱ्यांवर, क्वचित पुनालुऊतही, अंडी घालते. कायद्याने व्यापारी आणि आदिवासी असा भेद केला नाही. पिढ्यान्‌पिढ्या कासव धरणाऱ्या हवाईयन कुटुंबावरही तीच बंदी आली, जरी साठा संपवणारी भूक मुख्यतः बाहेरची होती.

(२३)
बंदीचा परिणाम काय झाला? लालोवरील माद्यांची संख्या पुढची अनेक दशके वर्षाला सरासरी सुमारे पाच टक्क्यांनी वाढत गेली. मादी पहिल्यांदा अंडी घालण्याइतकी प्रौढ व्हायला २५-३० वर्षे किंवा त्याहूनही अधिक लागतात. म्हणजे १९७८ मध्ये वाळूतून बाहेर पडलेले पिल्लू नव्या शतकाच्या तोंडावर आई झाले. एका पिढीने हात आवरला आणि फळ दुसऱ्या पिढीने पाहिले. आज पुनालुऊच्या वाळूवर कासवे निवांत पहुडलेली दिसतात, त्यामागे हा हिशेब आहे.

(२४)
ती येथे का येतात, हेही पाहावे. उपसागरातल्या खडकांवर त्यांना आवडणारे समुद्री शेवाळ उगवते. तळातून गोड्या पाण्याचे गार झरे फुटतात, ‘पुनालुऊ’ नावातले तेच झरे. गार पाण्यात चरून झाले की काळ्या वाळूची ऊब त्यांना हवीशी वाटते. अंडी घालण्याखेरीज केवळ ऊन खाण्यासाठी जमिनीवर येणारी हिरवी कासवे जगात मोजक्याच ठिकाणी आढळतात; हवाई त्यांपैकी एक. माणसाने हुसकावून पाण्यात लोटलेले कासव ती ऊब आणि विश्रांती दोन्ही गमावते. तीन मीटरांमागचे जैविक कारण हे.

(२५)
आता वर्तमानातला खरा पेच. २०१२ मध्ये हवाईयन नागरी मंडळांच्या संघटनेने संघीय सरकारकडे अर्ज केला : संख्या सावरली आहे, तेव्हा आमच्या कासवांना यादीतून वगळा. संरक्षण कधी संपणार आणि आमच्या किनाऱ्याचा निर्णय आम्ही कधी घेणार, हा प्रश्न त्यामागे होता. ज्यांचे राज्य एकदा गेले त्यांनी तो विचारावा, हे स्वाभाविकच. २०१६ मध्ये उत्तर आले : नाही. संख्या वाढली असली तरी जवळजवळ सारी वीण एकाच सखल कंकणावर एकवटली आहे आणि समुद्राची पातळी चढते आहे.

(२६)
दोनच वर्षांनी, ऑक्टोबर २०१८ मध्ये, वालाका नावाचे चक्रीवादळ लालोवरून गेले. ज्या ईस्ट आयलंडवर १९७३ मध्ये ६७ माद्या मोजल्या होत्या, हवाईच्या जवळपास निम्म्या माद्या ज्यावर अंडी घालत, ते वाळूचे बेट एका फटक्यात जवळजवळ पुसले गेले. त्या वर्षीच्या बहुतेक माद्या परतल्या होत्या, म्हणून प्रौढ कासवे वाचली. अर्ज करणाऱ्यांचा प्रश्न मात्र या वादळाने सुटला नाही. कासवांना संरक्षण हवे, हे पटले तरी त्या संरक्षणाचा निर्णय कोणी घ्यायचा, हा मुद्दा उरतोच.

(२७)
आपण कधी पुनालुऊला गेलात तर नियम साधे आहेत. कासवाला हात लावणे वा त्रास देणे गुन्हा आहे. म्हणून तीन मीटरांची, म्हणजे १० फुटांची, मर्यादा पाळायची. वाळू खिशात घालायची नाही. तेही कायद्याने मना आहे. ‘येथला दगड नेला तर ज्वालामुखीची देवता पेले हिचा शाप लागतो’ असे ऐकाल. ती प्राचीन श्रद्धा असल्याचा पुरावा नाही. ही समजूत विसाव्या शतकातली मानतात. तरीही लोक घाबरून दगड आणि वाळू टपालाने परत पाठवतात! शापापेक्षा साधे कारण पुरेसे आहे : ही वाळू नव्याने येत नाही.

(२८)
असाच प्रयोग आपल्याकडेही झाला आहे. नाना फडणवीसांचे मूळ गाव म्हणून इतिहासप्रेमींना ठाऊक असलेले रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास. तेथे ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात आणि ती अंडी पूर्वी लोक काढून नेत. १९७२ चा वन्यजीव कायदा कागदावर होता. २००२ पासून चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेतले. घरटी राखली जाऊ लागली आणि पुढे कासव महोत्सव सुरू झाला. अंडी नेणारे हातच घरटी सांभाळू लागले. निर्णयात गाव असले की काय होते, याचे हे जवळचे उदाहरण.

(२९)
इतिहासाच्या दृष्टीने पुनालुऊ काय सांगते? १८१९ पूर्वीचा निषेध कडक होता, पण तो माणसामाणसांत भेद करणारा होता. एका जेवणाने तो गेला. १९७८ चा निषेध सर्वांना सारखा आहे आणि तो मोजणीच्या आधारावर उभा आहे. म्हणून कासवे परतली. पण तो दुरून आलेला आहे, आणि किनाऱ्यावरच्या लोकांना तो आपला वाटला नाही तर त्याचीही मुळे खोल जाणार नाहीत. वाळू सरते आहे, बेट वाहून गेले आहे. कासवाच्या आणि आपल्यामध्ये टिकवण्यासारखे जे उरते ते एवढेच तीन मीटर, आणि ते आपण स्वतःहून राखायचे आहेत.

(३०)
थ्रेड येथे संपतो. आपल्या गावाच्या किनाऱ्याच्या, खाडीच्या किंवा डोंगराच्या नावात एखादा प्राणी, झरा वा झाड दडलेले असेल तर ते नाव आणि त्याचा अर्थ खाली जरूर लिहा. होनुआपो आणि पोलिहुआ यांनी जे सांगितले, ते कदाचित आपल्याकडची नावेही सांगत असतील, विचारणारा हवा.